यंत्रांचा शेजारधर्म

भिवंडीकराला गोंगाटाची ओळख करून देण्याची गरज नाही. यंत्रमागांची खटखट हा या नगरीचा श्वासोच्छ्वासच आहे. परगावाहून आलेल्या पाहुण्याला येथे पहिल्या रात्री झोप लागत नाही. आणि येथेच जन्मलेल्या माणसाला, वीज जाऊन माग थांबले की दचकून जाग येते. हा गोंगाट कानाला कळतो, तो कोठून येतो हे बोटाने दाखविता येते, आणि फारच असह्य झाला तर खिडकी लावून घेता येते. आज आम्ही ज्या गोंगाटाविषयी लिहिणार आहोत त्याची गोष्ट वेगळी आहे. तो कानाला ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि भिंतीआड गेल्याने त्याच्यापासून सुटका होतेच असेही नाही.

विजेचा प्रवाह जेथे जेथे झपाट्याने बदलतो, तेथे तेथे विद्युतचुंबकीय लहरी उत्पन्न होतात. हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास ठिणग्या पाडून त्या प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखविल्या. त्याच्या त्या ठिणगीचे भाऊबंद आज आपल्या घराघरांत नांदत आहेत. मिक्सरची मोटर, शिलाई यंत्र, मागाचा स्टार्टर, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिव्याच्या पोटातील चिमुकली पेटी, ही सारी आपापले काम करताना थोड्याफार लहरी सभोवार उधळीत असतात. चार्जर तर एका सेकंदात हजारो वेळा वीज तोडतो आणि जोडतो. ज्यांनी मुंबई ‘ब’ केंद्रावरील कार्यक्रम घरच्या रेडिओवर ऐकले आहेत, त्यांना शेजारी मिक्सर सुरू होताच उठणारी खरखर आठवत असेल. ती खरखर म्हणजे या अदृश्य गोंगाटाचा आपणास ऐकू आलेला एक तुकडा होय.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते धर्मग्रामातील एका साध्या प्रसंगाने. काही वर्षांपूर्वी चर्चमध्ये नवे दिवे बसविण्यात आले. प्रकाश छान पडला, विजेचे बिल उतरले, सर्वांना आनंद झाला. पण त्याच सुमारास बिनतारी मायक्रोफोन त्रास देऊ लागला. सायंकाळच्या मिस्साच्या वेळी प्रवचनाच्या मध्येच खरखर उठे आणि शब्द तुटत. ध्वनिव्यवस्था सांभाळणारा आमचा मुलगा महाविद्यालयात शिकणारा, स्वभावाने अबोल. त्याला लोकांनी बोल लावले. मायक्रोफोन दोनदा दुरुस्तीला गेला, दोन्ही वेळा निर्दोष ठरून परत आला. ‘यंत्र चांगले आहे म्हणतात, मग दोष हाताळणाऱ्याचाच,’ असा निवाडाही काहींनी देऊन टाकला. त्या मुलाने येणे जवळजवळ सोडलेच होते.

आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण विद्युत उपकरणांच्या तपासणीशाळेत नोकरी करतो. नाताळच्या सुटीत तो घरी आला असता त्याने खिशात मावेल असा एक जुना रेडिओ आणला, तो कोणतेही केंद्र लागणार नाही अशा जागी फिरवून ठेवला, आणि तो हाती धरून चर्चभर फेरी मारली. वेदीवरील दिव्यांखाली येताच रेडिओ कर्कश ओरडू लागला. दिवे मालविले, रेडिओ शांत झाला. चार दिवे बदलल्यावर मायक्रोफोन पूर्ववत झाला, आणि तो मुलगा पुन्हा आपल्या जागेवर दिसू लागला. दिवे वाईट नव्हते. प्रकाश ते उत्तमच देत होते. आपले काम करताना ते शेजाऱ्याचे काम बिघडवीत होते, एवढाच त्यांचा दोष.

खिशातला रेडिओ दोषी कोण एवढे सांगतो. दोष किती, हे सांगत नाही. त्यासाठी लागणारी साधने त्या तरुणाने आम्हांस पुढे सविस्तर समजावून सांगितली. त्यांतील मुख्य म्हणजे विस्तृत पट्ट्याची, अर्थात ब्रॉडबँड, अँटेना.

१९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर घरांच्या छपरांवर ज्या अँटेना उभ्या राहिल्या, त्या आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. कावळ्यांना बसायला सोयीची आडवी नळकांडी आणि वारा आला की गच्चीवर धावणारा घरातला थोरला मुलगा! ती अँटेना ठराविक वाहिनीपुरती बनविलेली असे. कारण साधा धातूचा दांडा आपल्या लांबीच्या सुमारे दुप्पट तरंगलांबीची लहर सर्वांत चांगली पकडतो. ३० मेगाहर्ट्झची लहर १० मीटर लांबीची. तिच्यासाठी ५ मीटरचा दांडा हवा. १००० मेगाहर्ट्झची लहर ३० सेंटिमीटरची. तिला १५ सेंटिमीटर पुरे. आता तपासणीस आलेला दिवा कोणत्या सुरात ओरडेल हे आधी ठाऊक नसते. प्रत्येक सुरासाठी दांडा बदलीत बसलो तर एका दिव्याला कित्येक दिवस लागतील. म्हणून सर्व सूर ऐकणारी अँटेना हवी.

तिचे दोन प्रकार विशेष प्रचारात आहेत. एकात दोन नरसाळी टोकाला टोक भिडवून ठेवल्यासारखी रचना असते. ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १८९८ च्या पेटंटात अशी शंकूंची जोडी आढळते. तपासणीशाळेत ती पत्र्याऐवजी दांड्यांच्या पिंजऱ्याची करतात आणि खालच्या सुरांसाठी वापरतात. दुसरा प्रकार थेट पापलेटाच्या काट्यासारखा दिसतो : मागे लांब दांडे आणि पुढे क्रमाने आखूड होत गेलेले, प्रत्येक दांडा मागच्यापेक्षा ठराविक प्रमाणात लहान. ज्यांनी चर्चमधील जुना ऑर्गन पाहिला आहे त्यांना हे लगेच उमगेल. लांब नळीतून खर्ज निघतो, आखूड नळीतून वरचा स्वर. त्याचप्रमाणे या अँटेनात खालच्या वारंवारतेची लहर लांब दांडे उचलतात, वरच्या वारंवारतेची आखूड दांडे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रेमंड ड्युहॅमेल आणि ड्वाइट इस्बेल यांनी या घराण्याच्या अँटेना घडविल्या. आता हे दोन्ही प्रकार एकाच दांडीवर जोडून ३० ते १००० मेगाहर्ट्झचा सारा पट्टा एका अँटेनाने ऐकता येतो. त्याहून वरच्या सुरांसाठी कर्ण्याच्या आकाराची अँटेना असते.

परीक्षेची खोलीही पाहण्यासारखी. भिंती व छत धातूने मढविलेले, म्हणजे बाहेरचा आवाज आत येत नाही. आणि आतून काळ्या फोमचे सुळके लावलेले, म्हणजे आतला आवाज भिंतींवर आपटून परत फिरत नाही. मधोमध फिरत्या चकतीवर उपकरण, त्यापासून ३ किंवा १० मीटरवर अँटेना. चकती सावकाश पूर्ण फेरा घेते. अँटेना १ मीटरपासून ४ मीटर उंचीपर्यंत वर-खाली होते. एकदा आडवी धरतात, एकदा उभी. कारण लहर सरळही येते आणि जमिनीवरून परतूनही येते. एका उंचीवर दोन्ही मिळून वाढतात, दुसऱ्या उंचीवर एकमेकींना खातात. एकाच जागी बसून ऐकणाऱ्याने निवाडा देऊ नये, हा येथला पहिला नियम. दुसरा नियम आम्हांस त्याहूनही आवडला. अँटेनाचे कानही सर्व सुरांना सारखे तिखट नसतात. म्हणून आधी अँटेनाची स्वतःची परीक्षा होते आणि कोणत्या सुरात ती किती कमी ऐकते याचा तक्ता तिच्यासोबत ठेवतात. मोजमापात तेवढी भर घालूनच आकडा लिहितात. म्हणजे न्यायाधीशाचा कान आधी तपासायचा, मग आरोपीचा आवाज.

आपल्या महाराष्ट्रात ही विद्या चांगली रुजली आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत अख्खी मोटारगाडी अशा खोलीत उभी करून तपासतात. मुंबईची ‘समीर’ ही १९८४ साली स्थापन झालेली सरकारी संस्थाही या क्षेत्रात काम करते.

या शांततेची किंमत किती, हे ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी कल्याणहून माळशेज घाट चढून नारायणगावाकडे जावे. तेथून जवळच खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. दूरच्या आकाशगंगांकडून येणारी अतिक्षीण कुजबुज त्या टिपतात. ती जागा निवडताना रेडिओ लहरींचा गोंगाट तेथे कमी आहे, हेही एक कारण होते. तरीसुद्धा विजेच्या तारांवर पडणारी ठिणगी त्या कुजबुजीला बुडवू शकते, आणि तेथील तंत्रज्ञांना असे गोंगाटाचे उगम शोधीत फिरावे लागते. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून काही चमत्कारिक संकेत मिळत होते. २०१५ साली उलगडा झाला : तेथीलच मायक्रोवेव्ह भट्टीचे दार कोणीतरी ती थांबण्यापूर्वीच उघडीत असे! आकाशातील गूढ म्हणून ज्याचा विचार चालला होता, ते कोणाच्या तरी दुपारच्या जेवणाची घाई निघाले.

आपल्या ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाने सोडले नाही, हे वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी अकरावे पायस पोप यांनी मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून जगाला प्रथम संबोधिले, याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. पुढे रोमजवळ सांता मारिया दी गालेरिया येथे १९५७ साली मोठे प्रक्षेपण केंद्र झाले. कालांतराने भोवती वस्ती वाढली आणि तेथील रहिवाशांनी तक्रार केली, की दारावरच्या बोलक्या घंटीतून आणि टेलिफोनमधून नभोवाणीचे शब्द ऐकू येतात. आरोग्याविषयीची भीतीही त्यात मिसळली. तो वाद निराळा, आणि वर वर्णिलेल्या परीक्षेशी त्याची गल्लत करू नये. २००१ साली प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि मध्यमलहरींवरील प्रक्षेपणाचा वेळ कमी करण्यात आला. संदेश कितीही पवित्र असो, तो शेजाऱ्याच्या घरात आगंतुकासारखा शिरू लागला तर शेजाऱ्याला तक्रारीचा हक्क आहे.

हा हक्क जगाने फार पूर्वी ओळखला. १९३३ साली पॅरिस येथे अनेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि नभोवाणीतील व्यत्ययाचा विचार करण्यासाठी पुढच्याच वर्षी ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती कामाला लागली. तिने आखलेल्या मर्यादेनुसार घरगुती संगणकासारख्या उपकरणाने १० मीटर अंतरावर, ३० ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, मीटरला सुमारे ३२ मायक्रोव्होल्टपेक्षा मोठा आवाज करू नये. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. उलट, त्याच उपकरणावर दुसऱ्यांच्या लहरींचा मारा केला जातो, तेव्हा त्याने मीटरला ३ व्होल्ट सोसून आपले काम बिनचूक करावे अशी अपेक्षा असते. म्हणजे बोलावे अगदी हळू, आणि सोसावे त्याच्या जवळजवळ लाखपट. वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत तर एक विलक्षण गोष्ट आहे. रुग्णालयात वापरायच्या यंत्राने ३ व्होल्ट सोसले तरी चालते. घरी रुग्णाच्या उशाशी ठेवायच्या यंत्राने १० व्होल्ट सोसले पाहिजेत. कारण रुग्णालयात शेजारच्या यंत्रावर कोणाचे तरी लक्ष असते. घरी आजोबांच्या प्राणवायूच्या यंत्राशेजारी कोण कोणता चार्जर लावील, याचा नेम नाही.

आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत आज अशी यंत्रे आहेत. श्रवणयंत्र लावणाऱ्या कित्येक आजी चर्चमध्ये ते काढून पर्समध्ये ठेवतात. शेजारी बसलेल्या नातीचा मोबाइल लहरी सोडू लागला की कानात भुंगा गुणगुणतो, असे त्या सांगतात. त्यांचे म्हणणे खरे असते. काही जुन्या पद्धतीचे मोबाइल सेकंदाला २१७ वेळा धडधडत लहर सोडतात, आणि त्याचीच ती गुणगुण.

माणकोली, काल्हेर, पडघा या बाजूंना पसरलेल्या गोदामांतून देशभर विजेच्या वस्तू रवाना होतात आणि आपल्या बाजारातही त्या स्वस्तात मिळतात. २०१२ च्या आदेशापासून अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक संस्थेची नोंदणी सक्तीची झाली. ही मोठीच सोय आहे. परंतु ती नोंदणी प्रामुख्याने विजेचा धक्का, आग अशा धोक्यांपासून ग्राहकाचे रक्षण करते. वस्तू शेजारच्या यंत्राला त्रास देणार नाही, याची हमी त्या शिक्क्यात असतेच असे नाही. दूरसंचार उपकरणांना ही परीक्षा सक्तीची आहे. चांगले उत्पादक इतर वस्तूंचीही ती करवून घेतात आणि तसे वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात छापतात. ते वाचून घ्यावे, नसेल तर दुकानदाराला विचारावे. घेणाराच विचारीत नसेल, तर बनविणाऱ्याने त्या खोलीचे भाडे का भरावे?

तोवर एक उपाय आपल्या हाती आहे. माळ्यावर पडलेला जुना रेडिओ खाली काढा, नवे सेल घाला, मध्यमलहरींवर रिकाम्या जागी फिरवा आणि घरातल्या एकेका चार्जरजवळ, दिव्याजवळ नेऊन पाहा. जो चार्जर रेडिओला ओरडायला लावतो, तो आजींच्या आणि आजोबांच्या खोलीत तरी लावू नका.