दोन वाटांची फटफटी

जुन्या फटफट्यांच्या शौकिनांत ‘दोन वाटांची’ जपानी फटफटी मोठ्या मानाची समजतात. डांबरी सडकेवर ती सभ्यपणें चालते, आणि आडरानांत शिरली तरी अडत नाहीं. यामाहानें १९६८ सालीं डीटी-१ ही २५० सीसीची हलकी गाडी काढली. तिनें या जातीला लौकिक मिळवून दिला. पुढच्या चाकावरचें उंच मडगार्ड हें या जातीचें ठळक लक्षण. चाक आणि मडगार्ड यांमध्यें चिखल दाटूं नये, हा त्या उंचीचा हेतु.

आम्हां लासलगांवकरांना हा हेतु कोणीं समजावून सांगावा लागत नाहीं. मृगाचा पाऊस पडला कीं आमची काळी माती चाकाला अशी बिलगते कीं चाक फिरेनासें होतें. मात्र आमच्या वांट्याला आल्या त्या सडकेच्या फटफट्या. १९८५ सालीं हीरो होंडाची सीडी-१०० आली, त्याच सालीं एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स-१००, आणि पाठोपाठ बजाजची कावासाकी केबी-१००. इंजिन शंभर सीसीच्या घरांतलें, घडण जपानी, ठेवण शहरी. आरएक्स तरुणांनीं पळविली. सीडी शेतकऱ्यांच्या घरीं नांदली. तिला पेट्रोल थोडें लागे, आणि टू-स्ट्रोक गाडीप्रमाणें पेट्रोलाबरोबर तेल जाळावें लागत नसे.

आमच्या मामांची सीडी पहाटे दुधाचे कॅन वाही, मग मळ्यांत मजुरांची न्याहारी नेई, आणि पुढें बाजार समितींत कांद्याच्या लिलावाला हजर होई. मडगार्ड बुटकें, म्हणून मामा सीटला बाभळीची एक काडी अडकवून ठेवीत. बांधापाशीं थांबावें, चिखल टोकरून काढावा, पुढें जावें. जपानी कारागिरांनीं जें मडगार्ड उंच करून साधलें, तें मामांनीं काडीनें साधलें.

एका वर्षीं कांद्यानें दगा दिला, आणि नेमके तेव्हांच नाशिकचे एक शौकीन गृहस्थ दारीं आले. त्यांनीं देऊं केलेल्या रकमेंत पुढच्या हंगामाचें बियाणें सुटत होतें. मामी कांहीं बोलल्या नाहींत. मामांनीं किल्ली पुढें केली आणि म्हणाले, “नुसती उभी करून ठेवूं नका, साहेब. उभी राहिली कीं बिघडते ती.” गृहस्थांनीं मान डोलाविली, आणि सीटची काडी काढून अंगणांत टाकली.

त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्या दिवाणखान्यांत चिखल नाहीं. गाडी पुन्हां कारखान्यांतून आल्यासारखी चकाकेल, आणि पाहणारे तिला अस्सल म्हणतील. मला एवढेंच वाटतें कीं, तिला दोन वाटांची गाडी कोणत्याही कारखान्यानें केलें नव्हतें. ती येथें, रोजच्या कामानें तशी झाली होती. तो भाग मात्र कोणत्याही दुरुस्तींत पुन्हां बसवितां यावयाचा नाहीं.