जेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं

प्रवासापेक्षां प्रवासाचा बेत अधिक गोड असतो, असें ज्यानें प्रथम म्हटलें तो गृहस्थ बहुधा एकटाच राहत असावा. आमच्या घरीं पांच माणसें आहेत. आणि गेले दोन महिने जुळे सोलापुरांतील आमच्या लहानशा दिवाणखान्यांत एका नकाशाभोंवतीं जी चर्चा चालली आहे ती ऐकून, ही मंडळी सहलीला निघाली आहे कीं कोणा दोन दरबारांमध्यें तह ठरत आहे, अशी शंका शेजाऱ्यांना आली तर त्यांना दोष देतां येणार नाहीं.

सुरुवात अगदीं साधी झाली. दिवाळीच्या सुटींत मुलांनीं नेहमींचा प्रश्न विचारला, 'यंदा कोठें जायचें?' अशा प्रश्नाला 'तुम्ही जा, मी घर राखतों' याखेरीज दुसरें उत्तर माझ्या वडिलांनीं आजवर दिलेलें मला आठवत नाहीं. त्या दिवशीं मात्र वर्तमानपत्राची घडी करून बाजूला ठेवीत अण्णा म्हणाले, 'मला तालिकोटचें रण पाहावयाचें आहे. मलाहि न्या.'

अण्णांचें वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षें त्यांनीं शाळेंत इतिहास शिकविला, आणि प्रतिवर्षीं एकदां, ठरलेल्या तासाला, तालिकोटच्या लढाईंत विजयनगरचें साम्राज्य बुडविलें. सोलापूरहून विजापूर सुमारें शंभर किलोमीटर आणि तेथून तालिकोट आणखी पाऊणशें-ऐंशी. इतकें जवळचें तें स्थळ त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. आणि दारांत गाडी उभी राहून सात वर्षें झालीं तरी मींहि त्यांना कधीं नेलें नव्हतें. आतां त्यांच्या डाव्या गुडघ्याला दहा पायऱ्याहि सोसत नाहींत. ही इच्छा पुरविण्यास फार वर्षें उरलेलीं नाहींत, हें कोणी बोलून दाखविलें नाहीं, पण सर्वांना कळलें.

प्रथम मीं सोपा मार्ग धरून पाहिला. सहली नेणाऱ्या दोन-तीन संस्थांकडे चौकशी केली. विजापूर, बदामी, हंपी येथें न्यावयास सारे तयार. रणभूमि म्हणतांच 'तेथें पाहण्यासारखें काय आहे?' असा उलट प्रश्न. प्रश्न चुकीचा नव्हता. या लढाईचा विजय पाहावयाचा तर विजापुरास जावें. तेथील तट आणि अली आदिलशहाची जामा मशीद त्या विजयाची साक्ष देतात. पराजय पाहावयाचा तर हंपीस जावें. मैलोगणती पसरलेले भग्न मंडप त्याची साक्ष देतात. पण ज्या जागीं एका दिवसांत हीं दोन्ही ठरलीं, तेथें ना घुमट ना मंडप. आहे ती काळी जमीन आणि नदीचें पाणी. तेव्हां आपला प्रवास आपणच आंखावयाचा, असें ठरलें.

पण आंखावयाचा म्हणजे जावयाचें तरी नेमकें कोठें? पुस्तकें उघडलीं आणि पहिलाच धक्का बसला. तालिकोट हें गांव डोण नदीच्या कांठीं, कृष्णेच्या उत्तरेस कित्येक कोसांवर आहे. १५६४ च्या अखेरीस सुलतानांच्या फौजांचा तळ तेथें पडला, म्हणून लढाईला त्याचें नांव मिळालें. रण पेटलें तें २३ जानेवारी १५६५ रोजीं, कृष्णा ओलांडल्यानंतर, तिच्या दक्षिणेकडील मुलखांत. मुद्देबिहाळ तालुक्यांतील रक्कसगी आणि तंगडगी या नदीकांठच्या गांवांवरून तिला 'राक्षसतंगडीची लढाई' असेंहि म्हणतात. गिरीश कर्नाडांनीं आपल्या अखेरच्या नाटकाला तेंच नांव दिलें. अण्णांनीं चष्मा काढून हातांत धरला. 'म्हणजे एकतीस वर्षें मी मुलांना छावणी दाखवीत होतों आणि तिलाच रणांगण म्हणत होतों,' ते म्हणाले. मीं हंसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना तें हंसण्यासारखें वाटलें नाहीं.

माझ्या पत्नीचें माहेर कानडी बोलणारें. ती म्हणाली, 'मामंजी, कानडींत रक्कस म्हणजे राक्षस हें खरें. पण गांवाचें नांव तें गांवाचें नांव. तेथें राक्षस कोणी नव्हता.' एवढें सांगून ती थांबली नाहीं. मुद्देबिहाळकडे तिचे दूरचे आप्त आहेत, त्यांना तिनें दूरध्वनि केला. पलीकडून उत्तर आलें तें असें: लढाईचें आम्हांला नक्की सांगतां येणार नाहीं, नदी आहे, पूल आहे, जेवायला या.

नदी आहे हेंहि पुरतें खरें नाहीं. त्या लढाईंत नदीचा उतार हाच सारा डाव होता. फिरिस्ता लिहितो कीं उतारासमोर विजयनगरची फौज मोर्चे बांधून बसली होती. तेव्हां सुलतानांनीं आपण दुसरीकडून ओलांडणार असें भासवून तीन दिवस कांठाकांठानें कूच केलें, समोरची फौजहि पलीकडच्या तीरानें त्यांच्या मागें गेली, आणि मग एका रात्रींत परत फिरून ते मोकळ्या पडलेल्या उतारावरून पार झाले. आज त्या टापूंत नारायणपूरच्या धरणाचा फुगवटा पसरला आहे. ज्या उतारानें साम्राज्याचें दैव फिरविलें तो पाण्याखालीं शोधावा लागेल. धाकट्यानें विचारलें, 'मग आपण बघणार काय?' याला उत्तर मजजवळ नव्हतें.

उत्तर निघालें तें थोरलीच्या प्रश्नांतून. ती यंदा नववींत आहे. नकाशावर सोलापूर ते कृष्णा अशी तांबडी रेघ ओढतां ओढतां तिनें विचारलें, 'आजोबा, या लढाईंत आपण कोणाच्या बाजूला होतों?'

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'हाच प्रश्न एका मुलानें मला वर्गांत विचारला होता. मी म्हणालों, हें परीक्षेला येत नाहीं, खालीं बस. तो बसला. त्याचें नांवहि आतां आठवत नाहीं.' त्या मुलाचें देणें जणू नातीच्या हातीं फेडावें, तसे ते पुढें सांगूं लागले.

सुमारें १५२४ मध्यें विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हां तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण देण्याचें ठरलें. मुलगी गेली, किल्ला गेला नाहीं. आणि पुढें चाळीस वर्षें दोन्ही घराणीं त्याच्यासाठीं भांडत राहिलीं. या भांडणाचा लाभ घेत विजयनगरचा रामराय आज याला तर उद्यां त्याला साह्य करी. अली आदिलशहा तर त्याच्या घरीं जाऊन आला होता. रामरायाच्या पत्नीनें त्याला पुत्र मानलें होतें, असें फिरिस्ता सांगतो. दोघांनीं मिळून अहमदनगरचा मुलूख तुडविला होता. पुढें सुलतानांनाच रामराय जड वाटूं लागला. तेव्हां हुसेन निजामशहानें आपली मुलगी चांदबिबी अलीला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला दिला. जुना तंटा मिटला, गोवळकोंडा व बिदर येऊन मिळाले, आणि चार फौजा कृष्णेकडे निघाल्या.

'धर्माची हांक त्यांत नव्हती असें नाहीं,' अण्णा म्हणाले, 'पण मी धर्मयुद्ध अशी एक ओळ लिहीत असें आणि फळा पुसत असें. त्या ओळींत लग्न नव्हतें, आंदण नव्हतें, आणि सोलापूर तर मुळींच नव्हतें.'

'म्हणजे आपण कोणत्याच बाजूला नव्हतों. आपण आंदण होतों,' थोरली म्हणाली. अण्णांनीं मान हालविली. आपल्या गांवाची इतिहासांतली जागा इतक्या थोडक्या शब्दांत मला कोणी सांगितली नव्हती, आणि ती फारशी अभिमानाची नाहीं हेंहि मला त्याच क्षणीं कळलें. पण खोट्या अभिमानापेक्षां ती मुलांच्या अधिक ध्यानांत राहील.

त्यानंतर बेताला वेग आला. तारखेवरून मात्र पुन्हां युद्ध जुंपलें. अण्णांना लढाईचाच दिवस हवा होता. आणि २३ जानेवारी ही जुन्या पंचांगाची तारीख, आजच्या गणनेनें ती २ फेब्रुवारी होते, हें शोधून काढून त्यांनीं आमची अडचण दुप्पट केली. शाळेची सुटी मिळते ती प्रजासत्ताकदिनाला जोडून. अखेर दोन्ही तारखा हुकवून सुटीनेंच विजय मिळविला. पत्नीची अट एकच होती: तेथवर जावयाचें तर कूडलसंगमला जाऊन बसवेश्वरांच्या समाधीचें दर्शन घ्यावयाचें. ती आनंदानें मान्य झाली, कारण यात्रेचें स्थान असल्यानें दुसऱ्या मुक्कामाची चिंताहि तिनें मिटली. पहिला मुक्काम विजापुरीं. तेथें धाकट्याला मुलुख मैदान तोफ पाहावयाची आहे. १५४९ मध्यें अहमदनगरास ओतलेली ही तोफ या लढाईंत धडाडली अशी दंतकथा आहे, आणि निजामशाही तोफांतून तांब्याच्या नाण्यांचा मारा झाला हें ऐकल्यापासून तो आपले खाऊचे पैसे मोजीत आहे. शिदोरी म्हणून कडक भाकरी व शेंगांची चटणी. तीन दिवस टिकते, आणि आडरानांत उपाहारगृहाची वाट पाहावी लागत नाहीं.

राहिला अण्णांच्या गुडघ्याचा प्रश्न. पत्नीनें घडीची खुर्ची बरोबर घेण्याचें सुचविलें, तेव्हां ते रुसले. मग रात्रीं त्यांनींच फिरिस्त्याची हकीकत सांगितली. वृद्ध रामरायाला सरदारांनीं घोड्यावर बसण्याची विनंति केली; असल्या पोरखेळाला घोडा कशाला, असें म्हणून तो पालखींतच राहिला. ऐन रणांत पिसाळलेला हत्ती अंगावर येतांच भोई पालखी टाकून पळाले, म्हातारा शत्रूच्या हातीं सांपडला, आणि हुसेन निजामशहानें त्याचें मस्तक उतरविलें. हें सांगून झाल्यावर अण्णा स्वतःशींच हंसले व म्हणाले, 'खुर्ची घ्या. पण ती वाहायला पळून न जाणारीं माणसें द्या.' धाकट्यानें तें काम पत्करलें आहे.

परवां निघावयाचें. पहाटें पांचला निघून सीना आणि भीमा ओलांडावयाची, म्हणजे उन्हें चढण्यापूर्वीं विजापूर गांठतां येतें, असा माझा हिशेब होता. काल रात्रीं अण्णांनीं तो मोडला. आमचें घर विजापूर रस्त्याच्या बाजूला; त्यांना मात्र आधीं उलट दिशेनें शहरांत जाऊन सिद्धेश्वराच्या तळ्याकांठचा आपला किल्ला मुलांना दाखवावयाचा आहे. गड्ड्याच्या जत्रेंत दरवर्षीं मुलें त्याच्या तटाजवळून जातात, तो कोणाचा आणि कशासाठीं हें त्यांनीं कधीं विचारलें नाहीं, आम्हींहि सांगितलें नाहीं. 'लढाई तेथून सुरू होते,' ते म्हणाले, 'तेव्हां आपणहि तेथूनच निघूं.' किल्ल्याचें दार उघडेपर्यंत थांबावें लागणार, म्हणजे सारा हिशेब कोलमडणार. परंतु दोन महिन्यांत प्रथमच या एका गोष्टीवर आमच्या घरांत कोणाचा मतभेद झाला नाहीं.