गालिच्याखालचे अस्तर

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला गालिचा ही वस्तू परकी नाही. येथील हातविणीच्या गालिच्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे गालिचा कसा पारखावा हे सांगणारे येथे पुष्कळ भेटतात. कोणी पाठ उलटून गाठी मोजतो, तर कोणी लोकर चिमटीत धरून पाहतो. परंतु त्याखाली काय घालावे असे विचारले, की बहुतेकांचे उत्तर एकच असते : ‘काहीतरी मऊ घाला.’ हे उत्तर अपुरे आहे. ज्या घरात वृद्ध माणसे आहेत, त्या घरात तर ते धोक्याचेही आहे.

माझी आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. पलंगापासून देवघरापर्यंतची दहा पावले ती काठी टेकीत चालते. कोणी हात धरू लागले, तर म्हणते, “तेवढी तरी माझी मला चालू दे रे.” आमच्याकडची थंडी कडक आणि घरातली फरशी गुळगुळीत. आईच्या पायांना ऊब मिळावी म्हणून धाकट्या भावाने गेल्या दिवाळीत लोकरीचा गालिचा आणला. सौ.ने त्याखाली जुनी सतरंजी घालण्याचे सुचविले. पण गुळगुळीत फरशीवर सतरंजी स्वतःच सरकते आणि वर गालिच्याला सुरकुत्या पडतात. या वयात पाय अडखळला आणि खुब्याचे हाड मोडले, तर ती दहा पावले कायमचीच जावयाची. म्हणून अस्तराचा शोध मी स्वतः घ्यावयाचे ठरविले.

दुकानदाराने प्रथम जाड फोम पुढे केला. “मास्टरसाहब, माताजी मखमल पर चलेंगी,” तो म्हणाला. मी त्यावर उभा राहिलो, तो पाऊल रुतले. जेथे माझे पाऊल रुतते, तेथे आईच्या काठीचे टोक कसे ठरणार? शिवाय असे अस्तर गालिच्यालाही मारक असते. प्रत्येक पावलागणिक गालिचा खाली दबतो, त्याच्या ताण्याच्या सुतावर आणि गाठींवर ओढ बसते. आणि हलका फोम लवकरच चेपून त्याचा भुगा होतो. दुसरा प्रकार होता प्लास्टिकच्या जाळीचा. ती गालिचा धरून ठेवते, पण ऊब देत नाही. आणि हलक्या प्रतीची जाळी कालांतराने फरशीला चिकटून डाग पाडते.

तिसरा प्रकार दाबून घट्ट केलेल्या नमद्याचा होता. जाडी सुमारे ६ मिलिमीटर आणि खालच्या अंगाला रबराचा पातळ थर. नमदा ऊब धरतो आणि दाबाला टिकतो. रबर त्याला फरशीवर सरकू देत नाही. अंगठ्याने जोराने दाबून पाहावे. खालचा कठीण पृष्ठभाग सरळ अंगठ्याला लागला, तर अस्तर निकृष्ट; अंगठा अगदी थोडा आत गेला आणि उचलताच खळगा भरून आला, तर ते चांगले. जाडीपेक्षा घट्टपणा पाहावा, हे यातील सूत्र होय.

अस्तर गालिच्याच्या चारी बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर आत राहील असे कापावे. म्हणजे गालिच्याची कड फरशीवर सपाट टेकते आणि पाय अडत नाही. जवळ दार असेल, तर ते गालिचा व अस्तर यांच्यावरून उघडते की नाही, हे आधी मोजावे. ओल कोंडू नये म्हणून खाली प्लास्टिकचा कागद अंथरू नये, आणि पावसाळ्यात अधूनमधून दोन्ही उचलून वारा द्यावा. गालिचा घेतानाच अस्तराचा खर्चही हिशेबात धरावा. तो मागाहून धरला, तर काटकसर नेमकी तेथेच होते.

अस्तर घातल्यानंतर आईने गालिच्यावर काठी टेकली, ती दोनदा दाबून पाहिली आणि मग पाऊल टाकले. मधोमध पोहोचल्यावर ती म्हणाली, “ऊबही आहे आणि खाली जमीन आहे तेही कळतंय.”

मऊपणा म्हणजेच सुख, असे आपण सहज धरून चालतो. वृद्धांची काळजी घेतानाही आपण त्यांच्या पायाखाली मऊ तेवढे पसरीत जातो. त्यांना मात्र हवा असतो न रुतणारा आधार, ज्याच्यावर भार टाकून पुढचे पाऊल त्यांचे त्यांना टाकता येईल.