नव्या कार्यप्रणालीचा मुहूर्त

लग्नमुंजीचा मुहूर्त पंचांगांत सांपडतो. विहीर केव्हां खणावी, घर केव्हां शाकारावें, याविषयींही वडीलधाऱ्यांस कांहीं ठोकताळे ठाऊक असतात. परंतु महाविद्यालयांतील संगणकांवर नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, केव्हां घालावी हें सांगणारें पंचांग कोणीं छापलेलें नाहीं. सन २०२५ च्या आरंभीं हा प्रश्न आमच्या विभागापुढें आला. तो सोडवितांना जे विचार सुचले ते वाचकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु. घरोघरीं संगणक झाल्यामुळें हा विषय आतां केवळ अध्यापकांचा राहिलेला नाहीं.

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजीं बाहेर पडली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तिची नित्याची दुरुस्ती थांबेल असें मायक्रोसॉफ्टनें आगाऊ जाहीर केलें होतें. दुरुस्ती थांबली म्हणजे यंत्र बंद पडतें असें नव्हे. तें पूर्वीप्रमाणेंच चालतें, आणि मनुष्य गाफील राहतो तो यामुळेंच. प्रणालींतील दोष पुढेंही उघडकीस येत राहतात. ते चोरांस कळतात, परंतु भिंत बुजविणारा गवंडी मात्र यावयाचा थांबलेला असतो.

अशा वेळीं दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चालतें आहे तें चालूं द्या. दुसरा म्हणतो, नवें निघालें कीं लगेच घ्या. पहिल्या पक्षानें २०१७ सालची हकीकत आठवावी. त्या वर्षीं मार्चमध्यें विंडोजमधील एका दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध झाली होती. ज्यांनीं ती लाविली नव्हती त्यांच्यावर १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीनें झडप घातली. सुमारें दीडशें देशांतील यंत्रें तिच्या तडाख्यांत सांपडलीं, व इंग्लंडांतील रुग्णालयांस हजारों रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दुसऱ्या पक्षासाठीं २०१८ सालचा दाखला आहे. त्या ऑक्टोबरांत विंडोज १० ची सुधारलेली आवृत्ति निघाली आणि तिनें कांहीं लोकांच्या स्वतःच्या फायलीच पुसून टाकिल्या. थोड्याच दिवसांत तिचें वितरण थांबवावें लागलें, व दुरुस्त होऊन ती पुन्हां आली ती नोव्हेंबरांत. जे महिना-दीड महिना थांबले होते त्यांना हा धडा फुकट मिळाला.

तात्पर्य, मुहूर्त या दोहोंच्या मध्यें शोधावयाचा. आमच्याकडे १४ ऑक्टोबर हा दिवस दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत, पहिल्या सत्राच्या परीक्षांच्या धामधुमींत येत होता. म्हणून आम्हीं मे महिन्याची सुटी धरली. प्रथम एकाच यंत्रावर विंडोज ११ घालून पंधरा दिवस तें नेहमींच्या कामास लाविलें. छपाई होते कीं नाहीं, मराठी टंकलेखन चालतें कीं नाहीं, गुणपत्रकें उघडतात कीं नाहीं, हें पाहिलें. कामाच्या प्रती दोन ठिकाणीं ठेविल्या, त्यांपैकीं एक दुसऱ्या इमारतींत. आणि ती प्रत खरोखर उघडते याची खात्री करून घेतली. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे कुलूप लावलेली रिकामी पेटी असूं शकते.

खरी अडचण निराळीच होती. आमची एक संशोधक विद्यार्थिनी तीन वर्षें एका स्पेक्ट्रोफोटोमीटरवर निरीक्षणें घेत होती व तिचा प्रबंध सप्टेंबरांत द्यावयाचा होता. सर्व यंत्रें एकाच वेळीं बदलावीं असा व्यवस्थापकांचा आग्रह. आणि तोही अवास्तव नव्हे, कारण जाळ्यांतील एक कच्चा दुवा सर्वांस भोंवतो. ती शांतपणें म्हणाली, "सर, नवी प्रणाली संगणकाला ओळखेल, पण माझ्या उपकरणाला ओळखेल का?" विक्रेत्यास विचारतां त्यानें कळविलें कीं जुनी आज्ञावली नव्या प्रणालीवर चालणार नाहीं, उपकरणच नवें घ्यावें. विभागाच्या तरतुदींत तें बसणें शक्य नव्हतें.

अखेर असें ठरलें कीं त्या एका यंत्राची जाळ्याची तार काढून घ्यावी व तें जुन्याच प्रणालीवर ठेवावें. रोजचीं निरीक्षणें तिनें पेन ड्राइव्हवर घेऊन, दुसऱ्या खोलींत तपासून, मग पुढें न्यावीं. तिला रोज दोन जिने चढावे लागले. कुरकुर न करतां ती चढली, आणि प्रबंध वेळेवर दिला गेला. व्यवस्थापकांचा नियमही मोडला नाहीं, कारण जें यंत्र जाळ्यांतच नाहीं तें जाळ्यास धोका देऊं शकत नाहीं.

राहिलीं कांहीं जुनीं यंत्रें. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, व इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळें धडधाकट असूनही तीं नापास ठरलीं. त्यांवर आम्हीं उबुंटूची एप्रिल २०२४ मधील आवृत्ति घातली. तिची नित्य दुरुस्ती पांच वर्षें मिळावयाची आहे, आणि वाचन-लेखनास तीं यंत्रें उत्तम चालतात.

एकत्र कुटुंबांतही हीच पद्धत लागू पडेल असें आम्हांस वाटतें. घरच्या संगणकावर वडील मंडळींचे पेन्शनचे कागद, सुनांचीं कामें आणि मुलांचा अभ्यास एकत्र नांदत असतो. जुन्या मराठी टंकांत लिहिलेले हिशेब तर नव्या प्रणालीवर वाचतां येतीलच असें नाहीं. तेव्हां घरांतील तरुणानें उत्साहाच्या भरांत रात्रींतून बदल करून सकाळीं सर्वांस चकित करूं नये. आणि वडिलांनींही सवयीखातर तो वर्षानुवर्षें पुढें ढकलूं नये. दुरुस्ती थांबण्याचा दिवस भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा, त्याच्या बरेंच अलीकडे सर्वांच्या सोयीची सुटी पाहावी, आणि ज्याचें काम सर्वांत नाजूक असेल त्यास आधीं विचारावें.