शिरेतील सुई

बाहेरचे द्रव्य शरीरात सहजासहजी शिरू नये, आणि शिरलेच तर त्याची छाननी व्हावी, यासाठी मनुष्यदेहात पहाऱ्याची अनेक ठिकाणे आहेत. त्वचा जंतूंना बाहेर ठेवते, जठरातील आम्ल गिळलेल्या जंतूंपैकी बहुतेकांचा नाश करते, आणि आतड्यातून शोषलेली बहुतेक औषधे आधी यकृतात जात असल्यामुळे तेथे त्यांचा बराच भाग निष्प्रभ होतो. तोंडावाटे घेतलेल्या मॉर्फिनचा जेमतेम तिसरा हिस्सा रक्ताभिसरणात पोचतो, तो याच कारणाने. नीलेत, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरेत, सुई गेली की हे सर्व पहारे मागे पडतात. कोपराच्या खळगीत टोचलेले औषध हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात, तेथून डाव्या बाजूत आणि पुढे मेंदूत अर्ध्या मिनिटाच्या आत पोचते. भूलतज्ज्ञाला जो वेग हवा असतो, तोच हेरॉइन टोचून घेणाऱ्यालाही हवा असतो, कारण मादक द्रव्य मेंदूत जितक्या झपाट्याने पोचते तितकी त्याची चटक घट्ट होते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या दोन कृतींत फरक नाही. मागे पडलेल्या पहाऱ्यांच्या जागी बाहेरून दुसरे पहारे उभे केले आहेत की नाहीत, एवढाच काय तो फरक आहे.

शिरेची ही वाट पहिल्यांदा चोखाळली गेली तीही मादक द्रव्य घेऊनच. पुढे वास्तुशिल्पी म्हणून नावाजलेल्या ख्रिस्तोफर रेन याने १६५६ मध्ये ऑक्सफर्ड येथे पिसाची पोकळ दांडी आणि प्राण्याचे मूत्राशय यांच्या साहाय्याने एका कुत्र्याच्या शिरेत मद्यात मिसळलेली अफू सोडली. उपचार म्हणून या वाटेचा खरा कस लागला तो १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासून त्यातील पाणी व क्षार घटल्याचे दाखवले, आणि त्यावरून स्कॉटलंडमधील टॉमस लाट्टा याने मरणासन्न रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. काही जण खरोखरच उठून बसले, तरी द्रव निर्जंतुक नव्हता आणि उपचार बहुधा अखेरच्या घटकेला होत, त्यामुळे ही पद्धत पुढे कित्येक दशके बाजूला पडली. हाच ओशॉनेसी नंतर कलकत्त्यास आला आणि गांजाच्या औषधी गुणांवरील संशोधनासाठी व हिंदुस्थानातील तारायंत्रासाठी प्रसिद्ध झाला. १८५३ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर वुडने मॉर्फिन टोचण्यास सुरुवात केली ती शिरेत नव्हे, त्वचेखाली. अफू पोटात गेली तर तिचे व्यसन लागते, सुईने दिली तर लागणार नाही, अशी समजूत त्या काळी पसरली होती. १८७० मध्ये क्लिफर्ड ऑलबट याने तीवर उघड शंका घेतली तोवर सुई अनेक सुखवस्तू घरांत पोचली होती, आणि बहुतेक ठिकाणी ती डॉक्टरांच्याच हातून पोचली होती, हे विसरता येत नाही.

रुग्णालयातील कृत्रिम पहारे इतके अंगवळणी पडलेले असतात की ते पहारे आहेत हे ध्यानातही येत नाही. सलाईनमध्ये मिठाचे प्रमाण ०.९ टक्के असते, कारण नुसते पाणी शिरेत मोठ्या प्रमाणात गेल्यास तांबड्या पेशी फुगून फुटतात. पोटॅशियम क्लोराईडची कुपी, औषध म्हणून आवश्यक असली तरी, पातळ न करता शिरेत सोडल्यास हृदय थांबू शकते, म्हणून ती वेगळी ठेवण्याचा आग्रह धरला जातो. सुईची जागा लाल झाली, ‘सलाईन बाहेर गेले’, की परिचारिका ती काढून दुसरी शीर शोधते. याउलट खेड्यापाड्यांत, आणि शहरांतही, अशक्तपणा वाटला की ‘एक सलाईन लावा’ असा हट्ट धरला जातो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका पोळीहून फारशी अधिक ताकद नसते. वैद्यकाच्या नावाखाली पहारा सैल झाला तर काय होते, हे २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे दिसले: वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे तेथे हेपेटायटिस-बी ची साथ पसरली आणि अनेकांचा मृत्यू झाला.

रस्त्यावरील टोचणीत यांपैकी एकही पहारा नसतो. पुडीतील द्रव्याची तीव्रता टोचणाऱ्यास ठाऊक नसते, आणि नेहमीच्याच मापाने श्वास मंदावून थांबू शकतो. गिळण्यासाठी केलेल्या गोळ्या टोचल्या की त्यांतील शंखजिऱ्यासारखे न विरघळणारे कण फुप्फुसातील केशवाहिन्यांत अडकतात. त्वचेवरचे जंतू रक्तावाटे हृदयाच्या उजव्या झडपेवर जाऊन वाढतात. वापरलेल्या सुईत उरलेला रक्ताचा अंश तर दुसऱ्याच्या शिरेत विषाणू जसाच्या तसा पोचवतो.

महाराष्ट्रात ‘गर्द’ हा शब्द रूढ झाला तो ब्राउन शुगरमुळे, आणि ती मुख्यतः चंदेरी कागदावर तापवून तिचा धूर ओढला जाई. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची पार्श्वभूमीही तीच. म्यानमारच्या सीमेला लागून असलेल्या मणिपुरात मात्र पाण्यात सहज विरघळणारे हेरॉइन मिळे, ज्याला तेथे ‘नंबर फोर’ म्हणतात, आणि ते टोचले जाई. तेथील टोचणाऱ्यांमध्ये १९८९-९० च्या सुमारास एचआयव्ही प्रथम आढळला आणि पाहता पाहता तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोक बाधित निघाले. वेदनाशामक कॅप्सूलमधील भुकटी टोचून हातापायांवर खोल जखमा झालेले रुग्णही तेथे पुष्कळ होते. सिरिंज जवळ सापडली तर पोलीस धरतील या भीतीने ती कोणी जवळ बाळगत नसे, म्हणून एकच सुई अनेकांत फिरे. अशा वेळी केवळ धाक वाढवणे म्हणजे रोगाला मदत करणे होते, असे म्हणणे भाग आहे.

पुढे मणिपूरने आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने जो मार्ग धरला तो पहारे एकेक करून परत बसवण्याचा होता: वापरलेली सुई घेऊन नवी देणे, आणि ब्युप्रेनॉर्फिन हे अफूच्याच जातीचे पण सावकाश काम करणारे औषध परिचारिकेसमोर जिभेखाली विरघळवणे. शिरेकडून तोंडाकडे असेच एक पाऊल वैद्यकाने आधीही मागे घेतले होते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याचा मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्याही खाली आणला होता.

सुई सुटलेल्या रुग्णाची एक अडचण मात्र पुष्कळ काळ राहते. झडपेच्या जंतुसंसर्गावर बहुधा चार ते सहा आठवडे शिरेतूनच प्रतिजैविके द्यावी लागतात, आणि त्याच्या हातांच्या शिरा वारंवार टोचून दोरीसारख्या कडक झालेल्या असतात. मग मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते, आणि ती नळी ठेवून त्याला घरी पाठवावे की सहा आठवडे खाट अडवून ठेवावी, यावर डॉक्टरांत एकमत होत नाही.