दालचिनीच्या चांदण्या

दालचिनीची पूड आणि सफरचंदाचा गर एकत्र मळला की गोळ्याचा रंग ओल्या मातीसारखा होतो. मागच्या दिवाळीत चिचगडच्या आमच्या अंगणात मी परात घेऊन बसले होते, तेव्हा आजीने पडवीतून विचारलं, "पोरी, शेन कालवलं का वो?"

मग वास तिच्यापर्यंत पोचला. उठून आली, वाकली, चिमूटभर गोळा बोटांत चोळून नाकाशी धरला.

"हा त मसाला आहे. खायचा आहे?"

"नाही आजी. लटकवायचा."

ती काही न बोलता परत गेली. आमच्याकडे याचा अर्थ विषय संपला असा होत नाही.

पुण्यातल्या एका मैत्रिणीला तिच्या ऑफिसातल्या ख्रिसमस ट्रीसाठी साठ नग हवे होते. अमेरिकेत घरोघरी मुलं डिसेंबरात हे करतात. दालचिनीची कणीक लाटायची, चांदण्या आणि बदाम कापायचे, भोक पाडून दोरी ओवायची. भाजायचं नाही, नुसतं वाळवायचं. वास कमी झाला की बारीक पॉलिशपेपरने जरा घासलं की पुन्हा येतो. रीलमध्ये हे सगळं चाळीस सेकंदांत होतं.

माझे चार दिवस गेले. शिवाय पहिला घाणा वाया.

माप साधं आहे. एक कप पूड, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, आणि पाऊण कप गर. सफरचंद शिजवून, गाळून, पाणी आटवून घ्यायचं. त्यातल्या पेक्टिनमुळे गोळा धरून राहतो आणि दालचिनी स्वतःही पाण्यात बुळबुळीत होते, तेही कामी येतं. वर एक चमचा फेविकॉल. अडचण पुडीची होती. चिचगडच्या दुकानात दालचिनी दहा रुपयांच्या पुडीत मिळते, मटणाच्या मसाल्यापुरती. अर्धा किलो मागितल्यावर दुकानदार काकांनी विचारलं, "लग्न आहे का?" शेवटी गोंदियाहून आणली आणि मिक्सरमध्ये दळली. त्या धुरळ्याने डोळे असे झोंबले की आईने मला घराबाहेर काढलं.

एक सांगते, कुणी करणार असेल तर. किराण्यात मिळते ती जाड, एकपदरी साल बहुतेक कॅसिया असते, चीन किंवा व्हिएतनामकडची. खरी दालचिनी सिलोनची, कागदासारख्या पातळ पदरांची गुंडाळी. आपल्या कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची जातच काढली आहे. पण या कामाला महाग आणि नाजूक दालचिनी नको. कॅसियाचा वास उग्र असतो, तोच टिकतो.

पहिला घाणा मी उन्हात ठेवला. ऑक्टोबरचं ऊन पापडांना चांगलं, चांदण्यांना नाही. दुपारपर्यंत सगळ्यांचे कोपरे वर उचलले आणि मधून भेगा गेल्या. चौदा नग गेले. मी ते परातीत गोळा करत होते तेव्हा आजी पुन्हा आली. या वेळी तिने फेविकॉलची बाटली पाहिली होती.

"अन्नात हे कायले टाकलंस?"

मी पेक्टिन वगैरे सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "आमी पावसात मोहाची फुलं उकडून खाल्ली. धान सरला की मग तेच."

एवढंच. त्यावर काय बोलणार? मी सफरचंदांची पिशवी उगाच जरा मागे सरकवली.

आजीचं माहेर सीमेपलीकडचं, छत्तीसगडातलं. तिकडे दिवाळीच्या सुमारास नव्या धानाच्या लोंब्यांची झालर विणून दाराला बांधतात. आमच्या घरी ती एकटीच हे करते. त्या दिवशी दुपारी बाबांनी हलक्या धानाची एक पेंढी आणून दिली आणि ती माझ्यासमोर येऊन बसली. देठासकट लोंब्या निवडायच्या, फार वाळलेल्या नकोत, नाहीतर दाणे गळतात. तीन देठांची वेणी घालत जायची आणि दर पेराला एक नवी लोंबी आत घ्यायची. लोंब्या खाली लोंबत राहतात, वर वेणीची पट्टी तयार होते. तिचे हात बघताना लक्षात आलं की ती वेणीकडे बघतच नाहीये. ती माझ्याकडे बघत होती.

"ही कोनासाठी आहे, मालूम आहे?"

"चिमण्यांसाठी."

"हं. दारची शोभा पन आहे. पन पंधरा दिवसांत खाऊन टाकतात. तुझी कोन खाते?"

"कुणीच नाही."

"मंग कायले करून रायली?"

पैशांसाठी, असं तोंडातून निघून गेलं. पुण्यात नोकरी असलेल्या मुलीला साठ चांदण्यांचे पैसे कशाला लागतात, हे आजीला विचारावं लागलं नाही. तिने आणखी एक लोंबी वेणीत घेतली.

"सुट्टी कवावरी आहे तुझी?"

सप्टेंबरमध्ये आमच्या टीममधल्या अकरा जणांना एकाच दुपारी मेल आला होता. मी घरी सांगितलं नव्हतं. महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियाला उतरले, देवरीला बस बदलली आणि सगळ्यांना सांगितलं की या वर्षी लांब सुट्टी मिळाली. बाबांनी त्या आनंदात शेजारच्या दोन घरांत पेढे दिले. आता मंडईचे दिवस. पाहुणे येणार, रात्री नाटक, आणि प्रत्येक जण विचारणार, पोरगी काय करते. आईने माझं उत्तर सगळ्यांसाठी आधीच तयार ठेवलं होतं.

आजीला मी सगळं सांगितलं. मेल, भाडं, खोलीचं डिपॉझिट. डिपॉझिट म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "एकाचे किती?"

"तीस."

"साठचे?"

"अठराशे. त्यातून माल जाईल."

तिने माझ्या परातीतली एक फुटकी चांदणी उचलली, तिची जाडी अंगठ्याने चाचपली. "जाड लाटतेस. म्हनून फाटते आन् मालही जास्त जातो. सावलीत ठेव, सुपावर. वरून पाट ठेव."

एक काडीच्या पेटीवर दुसरी ठेवावी इतकी जाडी मी ठेवत होते. अर्धी केली. पलटायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. तासा-दोन तासांनी पाट उचलून एकेक चांदणी उलटी करायची. संध्याकाळी दव पडायच्या आत सुपं घरात, सकाळी पुन्हा पडवीत. पाचव्या दिवशी बासष्ट नग सरळ वाळले होते. ओवायला तिने लाल सूत दिलं.

अन्नात फेविकॉल टाकणं तिला अजून पटलेलं नाही. कुणी आलं की ती सांगते, "पोरगी मसाल्याचं शेन करते." पण सुपांजवळ कोंबडी आली की हाकलायला तीच उठते.

झालर दाराला बांधली त्याच दिवशी चिमण्या आल्या. खाली पडवीत सुपं होती, त्यांकडे एकीनेही ढुंकून पाहिलं नाही. पाहुणे यायच्या आदल्या रात्री आई चकल्या तळत होती. आजीने मला चुलीकडे ढकललं आणि स्वतः बाहेर बाजेवर जाऊन बसली, दार मात्र उघडं ठेवून.

"आई," मी म्हटलं, "गॅस जरा बारीक कर. बोलायचं आहे."