उंबऱ्यातला वाल

आमच्या घरी वालाचं बी कधी थेट रानात पडलं नाही. आधी घरात करवंटीत, मग उंबऱ्यात, मग ओसरीवर, मग अंगणात आणि शेवटी परसात, अशा वाटेनंच तो बाहेर जायचा. लोक हसायचे. म्हणायचे, "वाल काय टाकला की उगवतोय, त्याला लेकरागत काय सांभाळायचं?" माय ऐकून घ्यायची आणि तिला करायचं तेच करायची.

तिचं म्हणणं साधं होतं. आमच्या टापूत, म्हणजे सास्तूर, माकणी, लोहारा या भागात, मृगाचा काही भरवसा नाही. एक सरवा येतो, माणूस हुरळून बी टाकतो आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडं. काळ्या रानावर त्या एका सरव्यानं अशी खपली धरती, की वालाचं कोंब वर येताना मान मोडून घेतं. वाल वर येतो तो मान वाकवूनच. तूर आपली डाळ मातीतच ठेवते आणि नुसता शेंडा वर काढते. वाल आपली दोन्ही दलं डोक्यावर घेऊन वर येतो. ओझं घेऊन येणाऱ्याला वाट मऊ लागते, असं माय म्हणायची. त्यातून वाचला तर कोंबड्या उकरणार, खार शेंडा खाणार. म्हणून रोहिणी निघाल्या, की मे महिन्याच्या शेवटी ती करवंट्या काढायची.

रीत सांगतो, कारण आता ती कुणी विचारत नाही. करवंटीच्या डोळ्याला भोक पाडायचं, म्हणजे पाणी साचत नाही. एक भाग काळी माती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत, एक भाग नदीची वाळू. नुसती काळी माती घातली तर दगड होतो. बी रातभर भिजवायचं नाही, भिजवून ठेवलेला वाल मातीत कुजतो. दोन-चार तास पुष्कळ झाले. बियाचा डोळा खाली करून बोटाच्या एका पेराएवढं खोल लावायचं. पाणी हातानं शिंपडायचं, तेही माती वरून सुकल्यावर. पाच-सात दिवसांत मान दिसते. त्या दिवसापासून त्याला उजेड पाहिजे. अंधारात ठेवला तर उजेड शोधत लांबच लांब वाढतो, पांढरा पडतो आणि आडवा होतो. नवरात्रातला घट बघा. देवघरातल्या अंधारात उगवलेलं धान कसं पिवळंधमक असतं! ते देवीला शोभतं, रानात टिकत नाही.

आणि दोन पानं चांगली फुटली, की एकदम बाहेर न्यायचं नाही. पहिल्या दिवशी सकाळचं घटकाभर ऊन, की परत आत. दुसऱ्या दिवशी दोन घटका. असं आठ दिवस आत-बाहेर, आत-बाहेर. मग एखाद्या ढगाळ दिवशी नाहीतर दिवस कलल्यावर, मुळाला धक्का न लावता मातीच्या गोळ्यासकट लावायचं. वालाला मुळं दुखावलेली चालत नाहीत. मिरचीचं रोप उपटून लावलं तरी सावरतं, वाल रुसतो तो रुसतोच.

इतकं करून शेंग काही लवकर येत नाही. आमचा गावरान वाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येतच नाही. जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, फुलायचा तेव्हाच फुलतो. लवकर लावण्याचा फायदा एवढाच, की तोवर वेल मांडवभर होतो आणि वेळ अमावास्येच्या भज्जीला पाटीभर शेंगा निघतात. येळवशीला कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आंबील, उंडे आणि ती भज्जी. त्या भज्जीत घरचा वाल नसला तर मायला सण झाल्यागत वाटायचं नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक निजले होते. मी रानात माळ्यावर, हायब्रीड ज्वारीच्या राखणीला. मंडळी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी, तुळजापूरकडं. घरात माय आणि दादा, दोघंच. चार वाजायला थोडा अवकाश असेल. माय लघवीला म्हणून परसात गेली आणि तेवढ्यात जमिनीतून गाडी गेल्यागत आवाज आला. ती वालाच्या कुपाटीला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांदेखत घर बसलं.

आमच्याकडची जुनी घरं दगडमातीची. दोन-दोन हात रुंद भिंती, वर माळवद. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरसाल वर मातीचा नवा थर. बापाचा थर, आज्याचा थर, पणज्याचा थर. उन्हाळ्यात गारवा होता, तो त्या मातीचाच. त्या पहाटे तीच माती माणसांच्या अंगावर आली. माणसं भूकंपानं कमी आणि आपल्याच घरांनी जास्त मेली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मिळून हजारो गेली. त्यात आमचे दादा.

मी धावत आलो तेव्हा माय कुपाटीपाशीच उभी होती. हाताला बाभळीचे काटे रुतलेले. म्हणाली, "मी त्यास्नी उठवलं न्हाई रं." एवढंच बोलली. पुढं कैक महिने तिच्या तोंडी दुसरं वाक्य नव्हतं.

त्या वर्षी घरात घट बसला नाही. बियाचं गाडगं, राखेत घालून, निंबाचा पाला ठेवून, तोंडाला शेण-माती लिंपून उतरंडीत ठेवलेलं, ते भिंतीखाली गेलं. पण कुपाटीवरचा वेल जगला. अर्ध्या वेलावर दगड पडले होते, अर्धा बाभळीवर चढला होता. पुढं त्याला शेंगा लागल्या. त्या सालच्या येळवशीला आमची चूल पेटली नाही. मायनं एक शेंग कुणाला तोडू दिली नाही. सगळ्या वेलावरच वाळवल्या आणि बी धरलं. आज माझ्याकडं जे बी आहे, ते त्याच वेलाचं.

आम्ही पत्र्याच्या शेडात राहिलो. धक्के बसतच होते. माय शेडातही निजायची नाही. निंबाखाली बाज टाकून पडायची. थंडीत घोंगडं, पावसात वरून ताडपत्री. सगळ्या गावाचंच तसं होतं, म्हणून पहिल्या वर्षी कुणाला वेगळं वाटलं नाही. पुढं सरकारची पुनर्वसनाची घरं झाली. १९९६ च्या उन्हाळ्यात आमच्याही दोन खोल्या झाल्या. खाली-वर काँक्रीटचे पट्टे, वर स्लॅब. साहेबांनी सांगितलं होतं, हे घर हलेल पण बसणार नाही. गावातली माणसं एकेक करून आत निजायला लागली. माय नाही.

मी तिला पुष्कळ समजावलं. पट्टे दाखवले, सळया दाखवल्या. ती हाव म्हणायची आणि बाज अंगणात ओढायची. लोक बोलायला लागले, "नवीन घर बांधलं आन् म्हातारीला बाहेर निजवतो." ते मला लागलं. खरं सांगायचं तर मायच्या भीतीपेक्षा मला लोकांचं बोलणं जास्त लागलं.

जूनमध्ये एका रात्री मोठा पाऊस आला. ताडपत्री उडाली. माय भिजत बाजेवर बसलेली. मी गेलो, तिच्या दंडाला धरलं आणि ओढत आत आणलं. दाराला कडी घातली. म्हणालो, "आता बस इथं. काय होत न्हाई." ती दाराला पाठ लावून बसली आणि उजाडेपर्यंत स्लॅबकडं बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. सकाळी अंग तापलं होतं. तीन दिवस ताप उतरला नाही. ती कडी घालतानाचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्या तीन दिवसांत करवंट्यांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी उघाड पडली, तेव्हा मीच एकवीसच्या एकवीस करवंट्या उचलल्या आणि भर दुपारी परसात नेऊन रोपं लावून टाकली. वाटलं, मायला बरं वाटेल. संध्याकाळपर्यंत पानं पांढरी पडली, कागदागत. दुसऱ्या दिवशी खोडं आडवी.

मंडळी बघत होती. बाळंतपणाहून आल्यापासून सासूचं सगळं तीच बघायची. म्हणाली, "रोपाला आठ दिवस द्यावं लागतात हे तुमास्नी ठावं हाय. मग आत्याबाईला एका रात्रीत कसं आणलं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

गाडग्यातलं राहिलेलं बी काढून तिनं पुन्हा करवंट्या भरल्या. पण त्या ओसरीवर न ठेवता आतल्या खोलीत पूर्वेच्या खिडकीपाशी ओळीनं मांडल्या. मायला म्हणाली, "आत्याबाई, मला लेकराचं बघून व्हत न्हाई. रोपाचं तुमी बघा." बस, एवढंच. घरात निजा म्हणाली नाही, भिऊ नका म्हणाली नाही.

बी मायचं होतं, तिला राहवणार कसं? पहिले दोन दिवस ती दारातूनच विचारायची, "वल हाय का?" तिसऱ्या दिवशी आत आली, हात शिंपडला आणि लगबगीनं बाहेर गेली. पानं फुटली आणि रोपांचं आत-बाहेर सुरू झालं. मायचे हात तेव्हा थरथरायचे, एका वेळी एकच करवंटी उचलता यायची. म्हणजे सकाळी एकवीस खेपा आणि संध्याकाळी एकवीस खेपा. दरवेळी उंबरा ओलांडायचा, खोली ओलांडायची, खिडकीपाशी जायचं आणि परत यायचं. मी एकदा मदतीला गेलो, तर मंडळीनं डोळ्यांनीच मला थांबवलं.

सहाव्या-सातव्या दिवशी संध्याकाळी मी रानातून आलो, तर माय खिडकीपाशी भिंतीला टेकून बसली होती. पानावरची मावा-किड बोटानं पुसत होती. वर बघत नव्हती. मी बैल बांधायच्या निमित्तानं बाहेरच रेंगाळलो.

रोपं परसात गेली. एकवीसपैकी अठरा लागली. पण माय आता दुपारची आत यायला लागली होती. रात्र मात्र अंगणातच. आश्विनात तीन वर्षांनी आमच्या घरी घट बसला. नंदादीप नऊ दिवस विझू द्यायचा नसतो, रात्री कुणीतरी जागं राहून तेल घालावं लागतं. ते काम तिनं आपणहून मागून घेतलं. पहिल्या रात्री मी उठून पाहिलं. माय दिव्यापाशी हातावर डोकं ठेवून निजली होती, स्लॅबखाली. दार सताड उघडं होतं. मी ते लावलं नाही. आमच्या घरचं ते दार पुढं ती होती तोवर रात्री कधी लागलं नाही. २००९ ला ती गेली, त्याच खोलीत, झोपेत.

आता मी पासष्टीचा आहे. दहावीपर्यंत शिकलो, पुढं सगळं रानात शिकलो. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, हायब्रीड ज्वारीच्या जागी सगळीकडं सोयाबीन आलं. करवंट्यांच्या जोडीला चहाचे कागदी कप आलेत. त्यात एक सोय आहे, लावताना कप फाडला की मुळाला धक्का लागत नाही. मायला हे आवडलं असतं.

थोरली लेक पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. गेल्या साली मी तिला मूठभर बी दिलं होतं. जूनमध्ये तिचा फोन आला. "दादा, रोपं वीतभर झालीत, पण पांढरी आन् लुळी. काय चुकलं?"

मी विचारलं, "कुठं ठेवलीत?"

"हॉलमध्ये. बाहेर लई ऊन हाय, जळतील म्हणून भ्याले."

तिला सगळं सांगितलं. आता ती गेली असं समज, पुन्हा बी लाव, मान दिसली की खिडकीत ठेव, पानं फुटली की गॅलरीत घटकाभर ऊन दाखव आणि आत घे. ती म्हणाली, "रोज आत-बाहेर करायचं? मला ऑफिस असतंय दादा. किती दिवस?"

आठ दिवस, असं सांगणार होतो. तोंडात आलेलं बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "ते रोपाकडं बघून ठरव."

या वर्षी मीही एकवीस लावलेत. आज सकाळी तीन कपांत माना दिसल्या. खिडकी पूर्वेचीच आहे.